गाणं दारातच अडतं

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात काचेआड स्पीकरचे खोके रचलेले असतात. कुणावर २५० वॉट, कुणावर ३००, एखाद्यावर ४००. शेजारी टचस्क्रीनवाल्या स्टिरिओचा खोका, त्यावर ठळक आकड्यांत ५० वॉट गुणिले ४. गिऱ्हाईक मनातल्या मनात हिशेब करतं: जास्त वॉट म्हणजे जास्त आवाज, आणि जास्त आवाज म्हणजे चांगला आवाज. या हिशेबाच्या दोन्ही पायऱ्या कच्च्या आहेत. पाच-दहा हजारांच्या बेतात छोट्या गाडीचा आवाज सुधारू पाहणाऱ्याचे पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

त्या ५० वॉटचा उगम पाहण्यासारखा आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर हा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास नेतो. गाडीतला स्पीकर सहसा ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम हे शाळेतलं सूत्र लावलं, तर १४.४ चा वर्ग २०७ च्या वर जातो आणि त्याला ४ ने भागलं की जवळपास ५२ येतात. हेच ते पन्नास वॉट. पण हा आकडा खरा ठरायला स्टिरिओने पूर्ण दाब अखंड ढकलत राहायला हवा, म्हणजे आवाज पार फाटलेला हवा. स्वच्छ सुराची लाट शिखरावर क्षणभरच असते, म्हणून तिची शक्ती याच्या निम्मी, २६ वॉट. त्यातून आतल्या चिपमध्ये होणारी घट वजा केली की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला १५ ते २० वॉट उरतात. स्टिरिओ कंपनीने बसवलेला असो की बाजारातून आणलेला, दाब वाढवणारं वेगळं सर्किट किंवा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर या मर्यादेतून सुटका नाही.

नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ नावाने हजार-हजार वॉट छापलेले असत, ते ज्यांना आठवतात त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. खोक्यावरच्या वॉटांत बघायचा आकडा एकच, आरएमएस, म्हणजे सतत टिकणारी शक्ती. गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी अमेरिकेतल्या कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं मानक ठरवलं: मोजमाप १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर, विकृती एक टक्क्याच्या आत. या मानकाचा उल्लेख असलेला आकडा विश्वास ठेवण्याजोगा. बाकीचे ३००-४०० वॉट म्हणजे तो स्पीकर क्षणभर किती झटका सोसेल याचा उदार अंदाज. १८ वॉट पुरवणाऱ्या स्टिरिओला त्याचं सोयरसुतक नसतं.

हा हिशेब एका ठिकाणच्या गाड्यांना लावून पाहू: गोडदेव. भाईंदर पूर्वेचं हे जुनं गाव. मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महानगरपालिका २००२ मध्ये, आणि या काळात गावठाणाच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायला जागा मिळेल तेवढीच, त्यामुळे इथे छोटी गाडी म्हणजे शहाणपणाची निवड: वॅगन-आर, अल्टो, स्विफ्ट, टियागो, आय-टेन. त्यातल्या बऱ्याच सीएनजीवर, म्हणजे डिकीत सिलिंडर. नाक्यावरून निघायचं, नवघर रोडने किंवा गोल्डन नेस्टवरून काशिमिऱ्याला जायचं, तिथून उजवीकडे दहिसर आणि मुंबई, डावीकडे घोडबंदर रस्त्याने ठाणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या गाड्यांना माफ झाला. कोंडी मात्र माफ झालेली नाही. गाडीत बसून राहायचा वेळ भरपूर, आणि त्या वेळेत गाणी ऐकायची ती कंपनीच्या स्पीकरवर.

कंपनीचा स्पीकर वाईट असतो तो कुणाला चांगला बनवता येत नाही म्हणून नव्हे. टाटांनी २०१६ मध्ये टियागो आणली तेव्हा वरच्या मॉडेलमध्ये हरमनची आठ स्पीकरची सिस्टीम दिली होती, चार स्पीकर आणि चार ट्विटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर. छोट्या गाडीत असं करता येतं, हे तिथे दिसलं. हरमनचा कारखाना पुण्याजवळ चाकणलाच आहे. ही कंपनी २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची, आणि बाजारात दिसणारे जेबीएल व इन्फिनिटी हे ब्रँडही तिचेच. महिंद्राच्या बीई-सिक्स या विजेवरच्या गाडीत तर सोळा स्पीकर मिळतात. प्रश्न पैशाचा असतो. खालच्या मॉडेलमध्ये प्रत्येक भागामागे शंभर-दोनशे रुपये वाचवायचे असतात आणि शोरूममध्ये उभ्या गाडीत दोन मिनिटं गाणं ऐकून कुणी गाडी नाकारत नाही. म्हणून दारात येतो पातळ कागदी कोन, छोटं चुंबक आणि सगळी चौकट प्लास्टिकची. अगदी खालच्या मॉडेलमध्ये कधी तेवढंही नसतं, नुसती जाळी असते.

असा स्पीकर काढून नवा बसवला की बहुतेकांना पहिल्या दिवशी फरक वाटतो. झांज, बासरी, गाण्यातले शब्द मोकळे होतात, कारण नव्या स्पीकरला ट्विटर असतो. आठवड्याने तक्रार सुरू होते: आवाज टोचतो, बेस नाही. मग दुकानदार सांगतो, ‘बफर लावा,’ म्हणजे वूफर. खर्च दहा हजारांनी वाढतो. दोष मात्र तोवर तसाच दारात बसलेला असतो.

स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. एकाच हालचालीतून दोन लाटा निघतात, एक सुलटी आणि एक उलटी. दोघी भेटल्या की एकमेकींना खोडून टाकतात. उंच स्वरांची लाट आखूड असते, ३,००० हर्ट्झला साडेअकरा सेंटीमीटर. ती समोर जाते, मागे वळून येत नाही. पण १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिला दाराच्या कडेवरून, भोकांतून, फटींतून वळून पलीकडे जायला काहीच अडचण नाही. म्हणजे खोडाखोड होते ती फक्त खालच्या सुरांची. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला, तेव्हाच त्यांना कोनाभोवती फळी लागते हे कळलं होतं. घरातला स्पीकर लाकडी खोक्यात बंद असतो तो याचसाठी. गाडीत ते खोकं म्हणजे दार.

आणि हे खोकं कसं असतं? डोअर पॅड काढून पाहिलं की कळतं. बाहेरचा पत्रा पातळ, बोटाने ठोकला की डब्यासारखा वाजणारा. आतल्या पत्र्याला हात घालता येईल एवढी मोठी भोकं, काच आणि कुलूप दुरुस्त करता यावं म्हणून ठेवलेली. त्यांवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद पाणी अडवतो, आवाज नाही. स्पीकरच्या मागची लाट या भोकांतून सरळ पुढे येते आणि ढोलकीचा घुमारा स्पीकरपासून वीतभर अंतरावरच मरतो. पखवाजाचं कातडं कितीही उत्तम असलं तरी खोडाला भगदाड असेल तर कोण काय वाजवणार?

म्हणून या सगळ्या खटाटोपात स्वस्तातला सर्वांत परिणामकारक भाग दिसायला सर्वांत कंटाळवाणा आहे: काळी चिकट शीट. ब्युटाइल रबराचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, अशी डॅम्पिंग शीट बाजारात मिळते. ती दोन कामं करते. बाहेरच्या पत्र्यावर आतून चिकटवली की त्याचं थरथरणं ती गिळते. त्यासाठी पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, मधला पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. दुसरं काम आतल्या पत्र्यावरची भोकं बंद करण्याचं, आणि इथे मात्र कंजुषी करायची नाही. मोठ्या भोकावर आधी पातळ अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा लावून मग शीट चिकटवली तर ती स्पीकरच्या दाबाने आतबाहेर होत नाही. जिथे पुढे दुरुस्तीला हात घालावा लागेल तिथला तुकडा स्क्रूने बसवलेला बरा. दार लावल्यावर येणारा खडखडाट जाऊन ठोस आवाज येऊ लागतो, तो वरचा नफा.

स्वस्त म्हणून छपराला लावायची डांबरी शीट कुणी सुचवली तर नको म्हणावं. एप्रिल-मेच्या उन्हात दाराचा पत्रा तापतो, डांबर सुटतं, गाडीत वास बसतो आणि चिकटलेला गोळा काचेच्या यंत्रणेवर येतो.

मीरा-भाईंदरसाठी आणखी एक पथ्य आहे. मुंबईच्या या पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि काचेच्या कडेने पाणी दारात उतरतच असतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक छिद्रं असतात. उत्साहात ती शीटखाली गेली तर दाराची टाकी होते, पहिल्या पावसातच आत पाणी डचमळतं आणि वर्षा-दोन वर्षांत तळाचा पत्रा गंजतो. शहराच्या एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं; हवेत खार आहेच. त्यामुळे प्लास्टिकचा कागद कापून फेकून द्यायचा नाही, शीट लावल्यावर पुन्हा चिकटवायचा. स्पीकरखाली बसवायची रिंग एमडीएफची नको, ती पाणी पिऊन फुगते; प्लास्टिकची घ्यावी. स्पीकरचा कोन कागदाचा नसून पॉलिप्रॉपिलिनचा आणि त्याची कड फोमची नसून रबराची असली तर तो इथले पावसाळे काढतो.

आता स्पीकर. आजच्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो, जुन्या छोट्या गाड्यांत चार किंवा सव्वापाच इंचीही सापडतो. दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीचं माप काढावं, आणि व्यासाइतकीच खोली महत्त्वाची. काच खाली केल्यावर ती चुंबकाला घासत असेल तर सगळी मेहनत फुकट. मारुतीच्या गाड्यांत जुन्या स्पीकरची चौकट आणि रिंग एकच असते; ती काढली की नवा गोल स्पीकर त्या खाचेत बसत नाही, म्हणून वेगळी रिंग लागते. काही गाड्यांत स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असतो. तो ड्रिलने काढताना पडलेला लोखंडी कीस आधी साफ करावा, नाहीतर चुंबक तो ओढून घेतं आणि कोन खरखरतो.

दोन जाती. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्विटर स्पीकरच्या मध्यावरच बसवलेला असतो: स्वस्त, बसवायला सोपा. कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा, तो कानाच्या उंचीला लावता येतो, आणि सुरांची विभागणी करायला क्रॉसओव्हर. फरक ऐकू येतो, कारण उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात आणि दारातला ट्विटर ते सरळ घोट्याला ऐकवतो. गाडीत आधीपासून आरशाजवळ ट्विटरची जागा असेल तर थोडे जास्त पैसे घालून कंपोनंट घेण्यात अर्थ आहे. जागा नसेल तर पुढच्या खांबाला भोक पाडून ट्विटर बसवण्याची टूम मात्र आता धोक्याची आहे. अल्टोसारख्या गाडीतही सहा एअरबॅग आल्या आहेत आणि कर्टन एअरबॅग त्या खांबापासूनच छताच्या कडेने जाते. ती फुगली की तिच्या वाटेत बसवलेली वस्तू थेट माणसाच्या तोंडावर येईल. पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला की तो एअरबॅगचा समजावा आणि हात मागे घ्यावा.

‘थ्री-वे’, ‘फोर-वे’ या शब्दांना भुलू नये. मध्यावर तीन चकत्या दिसल्या म्हणून सूर तीनपट होत नाहीत. स्वस्त मालात त्या असून नसून सारख्या.

खरा बघायचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात; म्हणजे ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९१ डेसिबलवाल्याची बरोबरी करायला अडीचपट शक्ती हवी. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर न घेता, त्या १८ वॉटवरच भागवायचं असेल, तर ९० च्या पुढचा स्पीकर घ्यावा. भरभक्कम चुंबकाचा, जाड कोनाचा, महागडा स्पीकर कंपनीच्या स्टिरिओवर कधीकधी जुन्यापेक्षाही मंद वाजतो. तो वाईट नसतो, उपाशी असतो. इथेही बारीक अक्षरं वाचायला हवीत. काही जण मोजमाप एक वॉटवर देतात, काही २.८३ व्होल्टवर. २.८३ चा वर्ग आठ. चार ओहमच्या स्पीकरला एवढा दाब दिला की दोन वॉट होतात आणि आकडा आपोआप तीन डेसिबलने फुगतो. शिवाय काही स्पीकर मुद्दाम तीन ओहमचे किंवा त्याहूनही कमी ओहमचे बनवतात. ते त्याच स्टिरिओतून जास्त वीज ओढतात, जास्त वाजतात, आणि स्टिरिओच्या चिपला जास्त तापवतात. आपला स्टिरिओ किती ओहमपर्यंत चालतो हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय असा सौदा करू नये.

मागचे दोन स्पीकर? तसेच ठेवावेत. चालवणारा आणि शेजारचा पुढे बसतात. मैफलीत गायक समोर असतो, पाठीमागे नव्हे. चार स्वस्त स्पीकरपेक्षा पुढचे दोन चांगले, आणि उरलेले पैसे दारात. साडेसहा इंची कोअ‍ॅक्सियल जोडी नावाजलेल्या कंपनीची साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळते, कंपोनंट चार हजारांपासून पुढे जातात. दोन दारांच्या शीटला दीड-दोन हजार, रिंग आणि कपलरला काहीशे, वर मजुरी. सात-आठ हजारांत काम होतं. यातला एक हजार कमी करायचाच असेल तर स्पीकरमधून करावा, शीटमधून नाही. दुकानदाराला हे पटत नाही, कारण शीट लावण्यात वेळ जातो आणि ती डोअर पॅडखाली झाकली जाते. दाखवायला काही उरत नाही.

सामान घ्यायला मुंबईत दोन ठिकाणं जुनी. लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक्सचा, तिथे वायर, कपलर, सुटे भाग. आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड गाडीच्या सामानाचा. ऑनलाइन भाव पाहून जावं, पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मागावं. वेळ आणि धीर असेल तर बसवणं घरीही जमतं: हँडलच्या खाचेतले आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू काढायचे, प्लास्टिकच्या पट्टीने कडेच्या क्लिपा उचकटायच्या, काचेच्या बटनांचा कपलर सोडवायचा. क्लिपा तुटतात, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवाव्यात. गोडदेवच्या गल्लीत हे काम जून ते सप्टेंबर काढू नये, एवढं बजावायची खरं तर गरज नाही.

वायर कापायची नाही. आपल्या गाडीच्या मापाचा कपलर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. एका टोकाला कंपनीचं सॉकेट, दुसऱ्या टोकाला स्पीकरच्या पट्ट्या. वायर कापून पिळून टेप लावली की गाडीच्या विजेच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटरला बोट ठेवायला जागा मिळते, आणि खाऱ्या हवेत तो सांधा हिरवा पडतो. दुसरी काळजी प्लस-मायनसची. दोन्ही दारांतले कोन एकाच वेळी पुढे सरकायला हवेत. एक उलटा जोडला गेला तर डावा-उजवा एकमेकांचा बेस खातात, आणि माणूस स्पीकरला शिव्या देतो. याची परीक्षा घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. दार बंद झाल्यावर शंका आली तर बॅलन्स मध्यावर ठेवून गाणं लावावं, मग एका बाजूच्या वायरी उलट करून तेच गाणं ऐकावं. ज्या जोडणीत बेस भरतो ती बरोबर.

आता सेटिंग, ज्याला एक रुपयाही लागत नाही. आवाज पुढे आणावा, मागचे स्पीकर जेमतेम ऐकू येतील इतके. बेस आणि ट्रेबल दोन्ही पूर्ण फिरवून ठेवायची सवय मोडावी. जुन्या स्पीकरवर ती मजबुरी होती. स्टिरिओत हाय-पास फिल्टर असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास लावावा: जे सूर साडेसहा इंची कोन पेलूच शकत नाही ते त्याच्यापर्यंत गेले नाहीत की बाकीचे स्वच्छ होतात. ब्लूटूथने गाणी लावताना फोनचा आवाज जवळपास पूर्ण आणि स्टिरिओचा गरजेपुरता. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे उजवा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर जवळ. साठ सेंटीमीटरचं अंतर कापायला आवाजाला पावणेदोन मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यावरून कान ठरवतो की गायक उजव्या दारात बसला आहे. टाइम अलाइनमेंट असेल तर उजवा स्पीकर तेवढा उशिरा वाजवता येतो. नसेल तर बॅलन्स एक-दोन घरं डावीकडे.

परीक्षेला गाणं कुठलं लावावं? पाठ असलेलं. शास्त्रीय ऐकणाऱ्याने तबल्याची साथ असलेला ख्याल लावावा. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर सुरेल होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं होतं. डग्ग्याचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. कंपनीच्या स्पीकरवर तो नसतोच, कान त्याच्या उपस्वरांवरून अंदाज बांधून घेतो. दाराची भोकं बंद केल्यावर मींड घेणारा डग्गा खरंच ऐकू आला तर काम जमलं. ज्यांना संगीतकार अजय-अतुल प्रिय त्यांनी २०१६ च्या ‘सैराट’ची गाणी लावावीत. त्यांतला सिम्फनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता; व्हायोलिनांचा थर आणि तालवाद्यं एकमेकांत कालवली न जाता ऐकू येतात का, ते लगेच कळतं. हळदीला वाजणारी आगरी गाणी लावली तरी हरकत नाही, पण त्यांत स्पीकरचे दोष झाकले जातात.

इतकं झाल्यावरही खालचा घुमारा हवाच असेल, तर वूफरची पाळी येते. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर मोठं खोकं विसरावं. सीटखाली सरकवायचा, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला आठ इंची वूफर मिळतो. इथे छोट्या गाडीला निसर्गाचं एक वरदान आहे. केबिनच्या लांबीच्या दुपटीहून लांब लाटा बंद गाडीत पसरायच्या ऐवजी सगळी हवा एकदम दाबतात आणि बेस आपोआप वाढतो. केबिन जितकी छोटी, तितका हा फायदा वरच्या सुरापासून सुरू होतो. अडीच मीटरच्या केबिनमध्ये साधारण ७० हर्ट्झपासून. त्यामुळे वॅगन-आरमध्ये छोटा वूफरही पुरतो, मोठ्या एसयूव्हीत तो हरवतो. त्याची वायर मात्र थेट बॅटरीवरून घ्यावी लागते आणि फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूज वायरला वाचवतो, वूफरला नव्हे. स्वस्त वायरच्या किटमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत अ‍ॅल्युमिनियम. त्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच जाडीत ती जास्त तापते. या एका ठिकाणी अस्सल तांबं घ्यावं.

आवाज सुधारला की तो वाढवावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त चार तास. गोडदेव ते अंधेरी रोज येजा करणाऱ्याचे चार तास दोन दिवसांत संपू शकतात. गाडीबाहेरचा हिशेब ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत आहे: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. भोकं बंद केलेल्या, पत्रा मढवलेल्या दारातून बाहेर जाणारा बेसही कमी होतो, हा शेजाऱ्यांचा फायदा.

विम्याचं एक कलम माहीत असावं. कंपनीने न बसवलेली विजेची उपकरणं मूळ पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्यांची किंमत वेगळी नोंदवून त्यावर साधारण चार टक्के जादा हप्ता भरावा लागतो. दोन स्पीकरसाठी कुणी हा उपद्व्याप करणार नाही, पण स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर मिळून तीस हजार झाले तर बाराशे रुपये देऊन बिलं जोडलेली बरी. काढलेले जुने स्पीकर भंगारात देऊ नयेत. खोक्यात भरून, कुठल्या दाराचा कुठला ते लिहून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना घेणारा चांगल्या स्पीकरचे वेगळे पैसे देत नाही. वायर कापलेली नसली तर जुनी जोडी अर्ध्या तासात परत बसते आणि नवी जोडी पुढच्या गाडीत जाते. शीट तेवढी दारात राहून जाते.